पोर्टची भिंत

सोलापूर
६ जानेवारी २०२५

ती. मामांना,
सिद्धेश्वरीचा शरणार्थ.

अनिलकुमारदादानं फोनवर सांगितलं की तुमचा उजवा कानही आता गेला, बोलणं काही पोचत नाही. मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही हे मला माहीत आहे. म्हणून सरळ कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक लिहिलेलं नाही, चुका झाल्या तर समजून घ्या.

वर्कशॉप बरं चाललंय. तुम्ही हुबळीला गेलात तेव्हा गिऱ्हाइकं म्हणायची, पोरगी काय इंजिनाचं हेड करणार. आता ट्रॅक्टरवाले मोहोळवरून येतात. पण सध्या बाकड्यावर जे काम आहे त्यानं माझी झोप उडालीय. सोमेशनं त्याच्या मोटारसायकलचं हेड, इंजिनावरचं ते झाकण, काढून आणून ठेवलंय. अॅल्युमिनियमचं. त्यातले दोन्ही पोर्ट, म्हणजे हवा आत येते ती वाट आणि धूर बाहेर जातो ती वाट, आतून कापून मोकळे करून पाहिजेत. इंजिनला श्वास जास्त, गाडी जास्त पळणार. १६ फेब्रुवारीला पुण्याच्या बाजूला मातीच्या ट्रॅकवर शर्यत आहे. कोइमतूरच्या एका टीमची माणसं तिथं रायडर निवडायला येणार आहेत. सोमेश म्हणतो, "अक्का, ही एकच संधी हाय. सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बदलत म्हातारा होऊ काय?"

तुमच्याकडे मी शिकले ते सगळं बिडाचं, ओतीव लोखंडाचं. बिडाची पूड पडते आणि बर, ग्राइंडरचं दातेरी टोक, पुढं सरकतो. अॅल्युमिनियमची पूड पडतच नाही मामा. ते बरच्या दातांत जाऊन बसतं. दोन मिनिटांत बर गोटीसारखा गुळगुळीत होतो, मग कापत नाही, नुसता घासतो, तापतो आणि उडी मारतो. काल एकदा उडी मारून व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर जाता जाता राहिला. बाजारात विचारलं तर एक जण म्हणतो बारीक दातांचा घ्या, काम गुळगुळीत येईल. दुसरा सोनेरी मुलाम्याचा दाखवतो. कुठला घेऊ?

आणि गाडी पाण्यानं थंड होणारी आहे. पोर्टच्या भिंतीपलीकडे लगेच पाणी. भिंत किती जाड आहे ते बाहेरून दिसत नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी सोमेशच्या खांद्याचं हाड मोडलं तेव्हा तिनं त्याच्याकडून शब्द घेतला होता की आता शर्यत नाही. तिला वाटतंय गाडी विकायला तयार करतोय. मी गप्प आहे. गप्प राहणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

लवकर लिहा.

तुमची
सिद्धी


हुबळी
११ जानेवारी २०२५

चि. सिद्धी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, ओळ उजवीकडे चढत जाते. सूनबाई म्हणाली, मामंजी, पत्र वाचताना हसताय काय. हसण्यासारखं काही नव्हतं, पण कुणीतरी माझ्याशी सरळ बोललं असं वाटलं.

आता कामाचं. बर निवडताना दात बघू नकोस, दोन दातांमधली जागा बघ. अॅल्युमिनियमचा कीस मोठा निघतो, त्याला बाहेर पडायला मोकळी जागा लागते. बारीक, उभे-आडवे काप असलेला बर बिडाला आणि पोलादाला. तुला हवा तो एकेरी काप, रुंद चर, थोडेच दात, आणि कार्बाइडचा. सोनेरी मुलाम्याच्या नादी लागू नकोस, तो दिसायला. आकार अंड्यासारखा घे. दंडगोल, ज्याच्या टोकाला कोपरा असतो, तो पोर्टमध्ये अजिबात घालू नकोस. कोपरा खड्डा पाडतो आणि तो खड्डा बुजवता येत नाही.

दर थोड्या वेळानं फिरत्या बरला मेणबत्ती लाव. मेणामुळे धातू दातांना चिकटत नाही. पूर्वी आम्ही रॉकेल लावायचो.

लांब दांडीचा बर फक्त आतल्या वळणापुरता. काचेवर लोळवून दांडी सरळ आहे का बघ. आणि हवेत असताना ग्राइंडर जोरात कधीच सोडू नकोस. लांब दांडी वेगात वाकते, मग ती कुठं जाईल ते देवालाही सांगता येणार नाही. आत घालायची, भिंतीला टेकवायची, मग हळू सुरू करायची.

हवा येते त्या पोर्टला आरशासारखी चमक आणू नकोस. थोडं खरखरीत राहू दे. ओतताना साच्याच्या सांध्यावर राहिलेली शीर काढायची, सीटखालची पायरी मिटवायची, थांबायचं. मोठं करण्याची हाव धरू नये.

अनिलकुमारला घेऊन इथल्या औद्योगिक वसाहतीत गेलो होतो. अंड्याच्या आकाराचा एक चांगला बर मिळाला, तो कुरिअरनं पाठवलाय. लांब दांडीचा मनासारखा मिळाला नाही, तिथं शोध.

शांतापासून लपवलंत हे मला पटलेलं नाही. ती माझी बहीण आहे. पण मी इथून काही बोलत नाही.

तुझा मामा
महादेवप्पा


सोलापूर
२३ जानेवारी २०२५

ती. मामांना,
शरणार्थ.

इथल्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीमुळे कुरिअरवाल्यानं आठवडा खाल्ला. पण मामा, काय बर पाठवलात! पहिल्यांदा टेकवला तेव्हा मला वाटलं चालूच झाला नाही. आवाज नाही, धडधड नाही. नारळाच्या किसासारखा कीस खाली पडायला लागला. हवेचा पोर्ट मी तीन दिवस केला. तुम्ही सांगितलंत तसं शीर काढली, पायरी मिटवली. मग इतकं छान कापत होतं की अजून थोडं, अजून थोडं करत राहिले. चमक आणली नाही, तुमचं ऐकलं. पण बोट फिरवलं की असं वाटतं की हे ओतलेलं नाही, असंच जन्माला आलंय. माझ्या हातून एवढं चांगलं काम आजवर झालेलं नाही. सोमेश तर बॅटरी मारून मारून आत बघत होता.

धुराच्या पोर्टचं मात्र तसं नाही. त्याच्या वळणाला लांब दांडीचा बर लागला. बाजारात मिळाला तो काचेवर लोळवला, जरासा लंगडत होता. दुसरा नव्हता. सोमेशला घाई. वापरला. तो सारखा भरत होता, मेण लावलं तरी. वळणाच्या वरच्या बाजूला एका जागी आवाज एकदम बदलला. आधी भरीव येत होता, तिथं पोकळ आला. रिकाम्या डब्यावर नखानं वाजवल्यासारखा. मी ताबडतोब हात काढला. भिंतीला भोक नाही, चीर नाही. पण तो आवाज माझ्या कानातून जात नाहीये.

भिंत पातळ झाली असेल का? गरम झाल्यावर तडकली तर पाणी सिलिंडरमध्ये जाईल, इंजिन चालता चालता धरेल, आतल्या आत अडकेल, मागचं चाक जाम होईल. ते ट्रॅकवर कसं दिसेल हे मला सारखं डोळ्यांसमोर येतं. सोमेशला विचारलं तर तो म्हणतो, "अक्का, तू लई विचार करतीस."

तुम्ही हजारो हेडं ऐकलीत. सांगा, बसवू की नको?

सिद्धी


हुबळी
२८ जानेवारी २०२५

चि. सिद्धी,
आशीर्वाद.

एवढी घाबरू नकोस. बरचे दात भरले की तो कापायचा थांबतो आणि नुसता आपटतो, तेव्हा आवाज पोकळच येतो. त्यात दांडी लंगडी. आवाज बदलला तो हत्याराचा, भिंतीचा नव्हे. कारखान्यातून आलेल्या हेडला त्या जागी चांगलं मांस, म्हणजे जाडी, असते.

तू लहानपणापासून अशीच आहेस. परीक्षेचा पेपर देऊन आलीस की तीन दिवस जेवायची नाहीस, आणि मग पहिली यायचीस. बसव हेड.

हवेच्या पोर्टचं वाचून फार बरं वाटलं.

तुझा मामा
महादेवप्पा


हुबळी
१ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धी,

माझं २८ तारखेचं पत्र मिळालं असेल तर ते बाजूला ठेव. अनिलकुमारनं काल माझ्यासमोर तुला फोन लावून निरोप दिला, हेड बसवायच्या आधी तपासून घे म्हणून. तू "बरं" म्हणालीस असं तो सांगतो. ते "बरं" मला पुरत नाही म्हणून लिहितोय.

काय झालं ते सांगतो. काल स्वयंपाकघरात बसलो होतो. सूनबाईला म्हटलं, कुकर कधीचा चढवलायस, अजून एक शिट्टी नाही. पोरं खोखो हसायला लागली. तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद झाला होता. मीही हसलो. आणि मग ताट बाजूला सारलं. तुझ्या त्या आवाजाबद्दल मी किती ठामपणे लिहून मोकळा झालो! जो आवाज मी ऐकला नाही, ऐकू शकत नाही, त्याचा निकाल दिला. तुला धीर द्यावा एवढ्यासाठी दिला. धीर द्यायला माझं काय जातं, गाडीवर तर सोमेश बसणार.

म्हणून असं कर. पाणी खेळतं त्या पोकळीची सगळी तोंडं जाड रबर आणि पत्र्याच्या पट्ट्या लावून आवळून बंद कर. एका पट्टीत सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसव. टबात कढत पाणी घे, हेड बुडव, पंपानं हवा भर. गार पाण्यात चीर दिसत नाही, गरमच पाहिजे. बुडबुडे आले तर ते हेड भंगार. आले नाहीत तरी माझी खात्री नाही, कारण पातळ भिंत गळत नाही, ती नंतर तडकते. पण निदान एवढं कर.

केलंस की लगेच कळव.

महादेवप्पा


हुबळी
८ फेब्रुवारी २०२५

सिद्धी,

तुझं पत्र नाही. अनिलकुमारदादानं परवा फोन केला तर म्हणालीस, "सगळं ठीक आहे, मामांना काळजी करू नका म्हणावं." चाचणीचं नाव काढलं नाहीस. त्यानं विचारलं तर गिऱ्हाईक आलंय म्हणालीस.

मला ऐकू येत नाही, पण एवढं कळतं. केली नाहीस ना?

महादेवप्पा


सोलापूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,

नव्हती केली. तुमचा ओळखण्याचा गुण गेला नाही.

तुमचं २८ चं पत्र आणि दादाचा फोन एकाच सुमाराला आला. त्याआधीच सोमेशनं हेड बसवून इंजिन जोडलं होतं. तो दिवस तुम्ही बघायला पाहिजे होता. गाडी सुरू झाली तेव्हा शेजारच्या टॉवेल कारखान्यातली माणसं बाहेर आली. सोमेश मोहोळपर्यंत जाऊन आला आणि मला उचलून गरागरा फिरवलं. आमचे अप्पा वारल्यापासून तो असा हसलेला मी पाहिलेला नाही. त्याला कसं सांगू की उघड, परत तपासायचंय? मी स्वतःला म्हटलं, मामांचं पहिलं पत्र खरं, दुसरं म्हातारपणाची भीती. रागावू नका. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

पण तो रोज संध्याकाळी गाडी घेऊन जायचा आणि मी वर्कशॉपच्या दारात उभी राहायची. आई विचारायची, "कुणाची वाट बघतीस गं?" मी म्हणायची, गिऱ्हाइकाची. शेवटी काल तुमचं ८ तारखेचं पत्र आलं. ते चार ओळींचं वाचलं आणि सोमेश कामावर असताना मी हेड उतरवलं.

पट्ट्या लावल्या, इंजिन धुवायला म्हणून आईकडून बंबातलं कढत पाणी मागून घेतलं, हेड बुडवलं, हवा भरली. आधी काही नाही. मला हसू यायला लागलं. पाणी हेडच्या आतपर्यंत तापलं तसे धुराच्या पोर्टच्या तोंडातून बारीक बुडबुडे निघाले. एकामागून एक, मोत्याच्या सरीसारखे. मी पंप सोडला, परत मारला. परत आले. तेच वळण मामा, तोच पोर्ट.

सोमेश आला तेव्हा हेड टबातच होतं. त्याला दाखवलं. त्यानं स्वतः पंप मारून बघितला. मग म्हणाला, "रबर गळत असंल."

मी म्हटलं, "आणि नसेल तर?"

"आठ दिवस पळवली की मी. काय झालं?"

"ट्रॅकवर अर्धा तास तापेल ती."

"अक्का, तुला मी जायला नको म्हणून तू हे करतीस. आईसारखी. सरळ सांग की."

मी सांगितलं की हे हेड मी बसवू देणार नाही. तो म्हणाला, माझं हेड आहे, मला बसवता येतं, शुक्रवारी सुट्टी काढलीय, येऊन घेऊन जातो. दुसरं हेड एवढ्यात मिळत नाही. गाडीचं जुनं, न कापलेलं असतं तरी चाललं असतं, पण मी कापलं ते तेच.

हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत शुक्रवार होऊन गेलेला असेल. तरी लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगू? आईला सांगितलं तर ती त्याला कोंडेल, आणि तो आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर तो त्या गाडीवर बसेल.

सिद्धी


सोलापूर
१८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,
सोमेशचा शरणार्थ.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. पण एक गोष्ट विचारायचीय आणि ती अक्काच्या समोर फोनवर विचारता येत नाही.

शुक्रवारी सकाळी मी हेड न्यायला वर्कशॉपला गेलो. अक्कानं ते बाकड्यावरच्या शेगड्यात, पकडीत, आवळून ठेवलं होतं. मला वाटलं काहीतरी दुरुस्त करतीय. मी म्हटलं, सोड, मी नेतो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तुम्ही पाठवलेला बर लावला, ग्राइंडर सुरू केला आणि धुराच्या पोर्टात तिरका करून, पोचेल तेवढा आत घातला. वळणावर दाबून धरला. मी ओरडलो, "अक्का, काय करतीस!" हात धरायला गेलो, पण फिरतं हत्यार, तिचाच हात तुटला असता. मी नुसता बघत उभा राहिलो. कीस पडत होता. लई वेळ लागला मामा. शेवटी आरपार गेला, भोक पडलं. तिनं ग्राइंडर बंद केला, चष्मा काढला, म्हणाली, "आता बसव."

मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. मोहोळला मित्राकडं जाऊन राहिलो. रविवारी शर्यतीला गेलो, तारेच्या बाहेर उभा राहून बघितली. कोइमतूरवाल्यांनी जेऊरचा एक पोरगा घेतला. चांगला चालवतो तो. माझ्यापेक्षा चांगला नाही.

तिथं उभा असताना एकच डोक्यात होतं. भिंत एवढी पातळ होती, तर आरपार जायला एवढा वेळ का लागला? काल अक्का बाजारात गेल्यावर मी वर्कशॉपला आलो. ते हेड अजून शेगड्यातच होतं. करवत घेतली आणि उभं कापलं. त्या वळणाची भिंत, जिथं तिनं भोक पाडलं तिथली, चांगली करंगळीच्या निम्मी जाड होती. काही झालं नसतं तिला. तपासाच्या पट्टीचं रबरही बघितलं. एका बाजूला दुमडलेलं होतं. तिथून हवा निसटायची आणि व्हॉल्व्हच्या भोकातून त्याच पोर्टच्या तोंडानं बाहेर यायची. मी म्हणत होतो तेच.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं हे दोन तुकडे तिच्या पुढ्यात टाकावेत आणि म्हणावं, बघ, तू माझी संधी कशासाठी मारलीस.

दुसरी बाजूही दाखवावी म्हणून हवेचा पोर्टसुद्धा कापला. करवत लगेच आत गेली. हवेचा पोर्ट मामा, तो चांगला, जो आम्ही बॅटरी मारून बघायचो. त्याच्या छताची भिंत नखाएवढी पण नव्हती. मी अंगठ्यानं दाबली तर आत गेली. बिस्किटाच्या पुड्याच्या कागदासारखी. पलीकडं सरळ पाण्याची पोकळी.

तुकडा बाजूला ठेवला. ह्या गाडीवर मी मोहोळपर्यंत जाऊन आलो होतो. ट्रकच्या मधून.

आता मला सांगा. तुकडे मी पोत्यात गुंडाळून ठेवलेत. अक्काला वाटतंय वळण पातळ होतं आणि तिनं ओळखलं. ती तशीच खाली मान घालून काम करतीय, माझ्याशी बोलत नाही. तिला दाखवू का? दाखवलं तर तिला कळंल की जे तिचं सगळ्यात चांगलं काम होतं त्यानंच मला मारलं असतं. तिचा हात परत चालंल का?

सोमेश


हुबळी
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सोमेश यास,
आशीर्वाद.

अक्काचं पत्र मला शनिवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. दादाला लगेच फोन लावायला लावलं. ती एवढंच म्हणाली, "गाडी उभी आहे." त्यावर मी दोन घास जेवलो. बाकी तुझ्या पत्रातून आज कळलं.

दाखव. दोन्ही तुकडे दाखव, आणि दाखवताना तिथंच बस, उठून जाऊ नकोस. तिला न सांगता तू तिला जपशील, आणि पुढचं हेड ती असंच करेल. त्यावर कुणाचा तरी भाऊ बसलेला असेल.

दोष द्यायचा तर मला दे. तिनं लिहिलं होतं की अजून थोडं, अजून थोडं करत राहिले. ते वाचून मी खूश झालो आणि वळणाच्या आवाजावर पत्रामागून पत्रं लिहिली. वाईट हत्याराची भीती तिला वाटली, मलाही वाटली. चांगल्या हत्याराची दोघांनाही वाटली नाही.

आणि तू शांताला सांग. अक्कानं नव्हे, तू.

तुझा मामा
महादेवप्पा


सोलापूर
१ मार्च २०२५

ती. मामांना,
शरणार्थ.

सोमेशनं मंगळवारी दाखवलं. पोतं उलगडलं आणि म्हणाला, "अक्का, आधी हे बघ, मग हे." मी वळणाचा तुकडा हातात घेतला आणि जाडी बघितली. वाटलं, मी त्याचं सगळं धुळीला मिळवलं, नुसत्या भीतीपायी. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं दुसरा तुकडा पुढं केला.

मी त्या भिंतीवर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. त्यानं आधीच दाबलेलं दिसत होतं.

 गिऱ्हाईक येऊन गेलं. मग तो म्हणाला, "मी रविवारी ह्या हेडवर शर्यतीत सुटलो असतो तर..." आणि तुकडे परत पोत्यात गुंडाळायला लागला. मी रडले मामा. मी बरोबर होते म्हणून तो वाचला असं मला आता म्हणता येत नाही, आणि चुकले होते असंही नाही म्हणता येत. चुकीच्या जागी भोक पाडलं आणि तो घरी आहे. हे कसं धरून ठेवायचं ते मला अजून समजत नाही.  ट्रॅक्टरचं एक हेड आलंय, बिडाचं, हजार वेळा केलेलं काम, तरी चार वेळा बर खाली ठेवला.

आईला सोमेशनं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "बंबाचं पाणी नेलंस तवाच मला कळलं काहीतरी हाय. इंजिन धुवायला कोण कढत पाणी नेतंय?" मग तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली. रात्रीपर्यंत आमच्याशी बोलली नाही. जेवायला मात्र वाढलं.

काल सोमेशनं पुण्याहून दुसरं हेड मागवलं, तसल्याच गाडीचं. जुनं, पण न कापलेलं. बाकड्यावर ठेवलं आणि म्हणाला, पुढच्या हंगामाला वेळ आहे, घाई नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून करून घे. तो म्हणाला, "दुसऱ्यानं केलेल्यावर मी बसणार न्हाय."

मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. हेडवर फडकं टाकून ठेवलंय. त्याआधी मला एक भंगार हेड कापून भिंती कुठं किती आहेत ते मोजायचंय, आणि ते मोजताना तुम्ही शेजारी पाहिजेत. ऐकू येत नसलं तरी चालेल, मी पाटीवर लिहीन. मोठं करण्याची हाव धरू नये असं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत. ते मी वाचलं होतं. वाचून पुढं गेले. समोर बसलेला माणूस हात धरतो, कागद धरत नाही.

आई म्हणते, महादेवाला म्हणावं, येताना तिकडची ज्वारी नको आणू, इथं भरपूर आहे. म्हणजे तीही वाट बघतेय.

दादाला सांगून तिकीट काढा. सोमेश स्टेशनवर घ्यायला येईल. मित्राची गाडी आणतो म्हणत होता. मी म्हटलं, रिक्षानं ये.

तुमची
सिद्धी